टोपणनाव माझं, घर सगळ्यांचं

मध्यरेषा

आंजावर (आंतरजालावर) घरगुती लिहिणारे आपण बहुतेक जण टोपणनावानं लिहितो. नवऱ्याला 'अहो', मुलाला 'चिरंजीव', सासूबाईंना 'साबा' म्हटलं की वाटतं, झालं, ओळख झाकली.

माझं म्हणणं असं की यात फक्त लिहिणारा झाकला जातो, तोही अनोळखी लोकांपासून. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना त्रास होतो तो ओळखीच्यांकडून. नणंद, शेजारी, नवऱ्याच्या ऑफिसातलं कुणी, मुलाच्या वर्गातल्या मुलाची आई. यातल्या एकाला जरी आपला आयडी कळला, तरी 'अहो' म्हणजे कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि आयडी फुटायला हेरगिरी लागत नाही, कौतुकानं पाठवलेली एक लिंक पुरते.

म्हणून नावं बदलण्यावर माझा फारसा भरवसा नाही. लिहिताना मी बघते की ही गोष्ट नक्की कुणाची. मुलगा शाळेत जायला तयार नव्हता त्या सकाळी मी कशी कातावले, ही माझी गोष्ट. तो का जात नव्हता, ही त्याची. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा घरखर्च मी कसा जमवला ते मी लिहीन. मुलाखत देऊन आल्यावर त्याचा चेहरा कसा असायचा ते नाही. रेषा दर वेळी इतकी स्वच्छ नसते, मान्य.

काही गोष्टींना मी हातच लावत नाही. दुखणी आणि निदानं, कुणाचा पगार, कुणाचं कर्ज, मुलांचे गुण, अंथरूण ओलं होणं किंवा पाळी येणं यांसारख्या शरीराच्या गोष्टी, आणि भांडणात रागाच्या भरात कुणी बोलून गेलेलं वाक्य. या शेवटच्याचा मोह सगळ्यात जास्त होतो, कारण फर्डा संवाद आयता हातात आलेला असतो.

बाकीचं ज्याच्याबद्दल आहे त्याला आधी वाचायला देते. "तुझ्यावर लिहू का?" असं मोघम विचारलं तर "लिही की" असंच उत्तर येतं. प्रत्यक्ष मजकूर समोर ठेवला की माणूस बोट ठेवतो, आणि ते भलत्याच ठिकाणी पडतं. अख्ख्या भांडणाबद्दल तक्रार नसते, 'टक्कल' या एका शब्दाबद्दल असते.

तुम्ही काय करता? विशेषतः ज्यांना विचारताच येत नाही, त्यांच्याबद्दल?

वाचनमात्र_तरी

चांगला विषय. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, लिहायचं धाडस याच कारणानं होत नाही. पण नावं, गाव, शाळा काहीच लिहिलं नाही, तर अनोळखी माणसाला तरी काही कळणार नाही ना? तेवढं तरी पक्कं धरू का?

खटपट्या

तेवढंही पक्कं नाही. एका लेखातून कळणार नाही, पण लेख साठत जातात. एकात मुलाचा वाढदिवस "काल झाला", दुसऱ्यात तो अमुक इयत्तेत, तिसऱ्यात जुळी बहीण, चौथ्यात नवऱ्याची बदली. सगळे लेख एका आयडीखाली ओळीनं लावलेले असतातच, जोडणी करणाऱ्याचं निम्मं काम आपणच करून ठेवतो.

लतान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं होतं की पिनकोडसारखा टपाल क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून तिथले ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येतील. नाव कुठेच नाही. जन्मतारीख यात सगळ्यात घातक, आणि घरगुती लेखनात ती सगळ्यात सहज सांडते.

फोटोंचं वेगळंच. फोननं काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा लिहिले जातात. २०१२ च्या डिसेंबरमध्ये जॉन मॅकाफी (तोच, अँटिव्हायरसवाला) पोलिसांना चुकवत फिरत होता. त्याला भेटलेल्या पत्रकारांनी त्याचा फोटो आपल्या साइटवर टाकला आणि फोटोतल्या आकड्यांवरून तो ग्वाटेमालात कुठे आहे ते जगाला कळलं. लपण्यासाठी एवढा आटापिटा करणाऱ्याची ही गत, तर आपण बाल्कनीतल्या कुंडीचा फोटो टाकताना काय तपासणार?

कायप्पावर (व्हॉट्सॲपवर) फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच राहते. मोठ्या समाजमाध्यमांवर लोकांना दिसणाऱ्या प्रतीतून ती सहसा काढलेली असते. स्वतःच्या ब्लॉगवर मात्र गृहीत धरू नका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करणं हा सोपा उपाय, किंवा फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो टाका. आणि फोटोतल्या मागच्या गोष्टी बघा. गणवेशावरचं चिन्ह, खिडकीबाहेरची पाटी, फ्रिजवर चिकटवलेलं वेळापत्रक.

शंकासुर

८७ टक्के हा आकडा सगळे फेकतात म्हणून सांगतो. फिलिप गोल यांनी २००६ मध्ये पुन्हा हिशेब केला तेव्हा तो ६३ टक्के आला. तुमचा मुद्दा त्यानं पडत नाही, पण आकडा द्यायचा तर दोन्ही द्यावेत.

खटपट्या

बरोबर. ६३ सुद्धा माझी झोप उडवायला पुरेसे आहेत.

रेघोट्या

मी पलीकडच्या बाजूची. माझ्यावर लिहिलं गेलंय.

आई टोपणनावानं लिहायची आणि छान लिहायची. माझं बोबडं बोलणं, हट्ट, अंधाराची भीती, एका मुलाला वहीत लिहिलेलं पत्र. बदनामी म्हणावी असं एक वाक्य नव्हतं. वाचणाऱ्यांना मी आवडायची, माझ्या 'पुढच्या भागाची' वाट बघणारे लोक होते.

कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या आईनं मला ओळखलं. नावावरून नाही, मी काहीतरी सांगत होते त्यावरून. "अगं, म्हणजे तू ती!" असं म्हणाली आणि खरंच प्रेमानं हसली. त्या बाईला माझ्या भीतीबद्दल माहीत होतं. पत्राबद्दल माहीत होतं. मी तिला पहिल्यांदाच भेटत होते.

लाज वाटली असं लोकांना वाटतं, पण लाज नाही वाटली. माझ्या आधी माझी ओळख तिथे पोचलेली होती आणि ती ठरवण्यात माझा काही हात नव्हता, याचा राग आला. नवीन माणसाला भेटताना स्वतःबद्दल काय सांगायचं आणि काय नाही, एवढं तर प्रत्येकाच्या हातात असतं ना? माझ्या हातात ते नव्हतं.

आईला सांगितल्यावर तिनं एका शब्दानं वाद न घालता सगळं काढलं. पण प्रतिसादांमध्ये लोकांनी तिची वाक्यं उचलून "हे फारच गोड" असं लिहिलेलं, ते राहिलं. ते तिच्या हातात नव्हतं.

मध्यरेषाताई, तुम्ही मुलाला वाचायला देता हे वाचून बरं वाटलं. पण सहा वर्षांचं मूल "हो" म्हणालं तर ते आईला खूश करायला म्हणतं. त्या "हो"वर फार विसंबू नका.

उंबरठा

सगळे इतके सहमत आहेत म्हणून मी काडी टाकते.

"घरातलं घरात" हे वाक्य आपल्या आज्यांना कुणी ऐकवलं आणि कशासाठी, ते आठवा. मराठीत बायकांनी आत्मचरित्रं लिहिली तेव्हा त्यांनी घरातल्या कुणाकुणाची लेखी परवानगी घेतली होती? घेतली असती तर आपल्या हातात काय उरलं असतं? सासरची थोरवी आणि नवऱ्याचे उपकार. घरातल्या प्रत्येकाला मसुदा दाखवायचा म्हणजे ज्याची घरात सत्ता, त्याच्या हातात लाल पेन देणं. जो छळतो त्यालाही 'खाजगीपण' आहे म्हणायचं का?

आणि दुसरं. घर हेच जिचं सगळं जग आहे, तिनं लिहायचं कशावर? पुरुष ऑफिसवर, राजकारणावर, प्रवासावर लिहितो, त्याला कुणी विचारत नाही की साहेबांची संमती घेतली का.

मध्यरेषा

उंबरठा, काडी रास्त आहे. तुमच्या पहिल्या मुद्द्याशी माझं भांडण नाही. तुमच्यावर जे गुदरलं ते तुमचं आहे, आणि ज्यानं ते केलं त्याच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. गप्प बसण्याला खाजगीपण म्हणू नये. फक्त प्रकरण कोर्टात असेल किंवा जायची शक्यता असेल, तर प्रकाशित करण्याआधी वकिलाला दाखवा, कारण समोरचा पक्षही वाचतो.

माझा रोख वेगळ्या जातीच्या लेखनाकडे आहे. छळ नाही, तक्रार नाही, लेखाला रंगत यावी म्हणून साबांचं विसरणं, दिराचा घटस्फोट, भाचीचं न जमणारं लग्न सहज पेरलेलं असतं. तिथे बंड कुठलं? तिथे घरात सत्ता आपली असते, निदान लेखापुरती तरी, कारण पेन आपल्या हातात आहे.

मात्र दुसऱ्या मुद्द्यावर मी अडले. ऑफिसबद्दल लिहिणाऱ्याला खरंच कुणी हटकत नाही.

पोटकलम

हटकतात. आणि तेही कोर्टात. युरोपातला या विषयावरचा गाजलेला खटला नेमका असल्याच लेखनाचा आहे.

स्वीडनमधल्या बोडिल लिंडक्विस्ट चर्चमध्ये स्वयंसेवी काम करायच्या. १९९८ च्या सुमारास त्यांनी घरच्या संगणकावर स्वतःची वेबपानं केली आणि त्यांवर आपल्या सहकाऱ्यांबद्दल लिहिलं. काहींची नावं, छंद, घरची परिस्थिती, फोन नंबर. सूर हलकाफुलका, थट्टेचा. एका सहकारी बाईंच्या पायाला दुखापत झाल्यानं त्या वैद्यकीय कारणानं अर्धवेळ काम करतात, असाही उल्लेख होता. काहींना आवडलं नाही असं कळताच बाईंनी पानं काढली. तरीही खटला झाला, दंड झाला, आणि अपिलात प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे गेला. ६ नोव्हेंबर २००३ चा निर्णय असा की 'घरगुती वापर' म्हणून कायद्यात जी सूट आहे ती इथे लागू नाही, कारण इंटरनेटवर टाकलेलं कितीही लोकांना वाचता येतं. आणि पाय दुखावल्याचा उल्लेख ही आरोग्याची माहिती ठरते. मध्यरेषाताईंची "निदानं नाहीत" ही मर्यादा किती शहाणपणाची आहे ते यावरून कळेल.

खुद्द घरातला खटला हवा असेल तर नेदरलँड्सचा, २०२० चा. आजीनं नातवंडांचे फोटो फेसबुक आणि पिंटरेस्टवर टाकले होते. मुलीनं वारंवार सांगूनही काढले नाहीत म्हणून मुलगी कोर्टात गेली. कोर्टानं काढायला लावले, नाही काढले तर दिवसाला ५० युरो, जास्तीत जास्त १,००० युरोपर्यंत. फ्रान्सनं फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदाच केला. मुलाच्या छबीवरचा त्याचा हक्क आई-वडील दोघांनी मिळून जपायचा आणि वयाप्रमाणे, समजेप्रमाणे मुलालाही निर्णयात घ्यायचं. दोघांत एकमत नसेल तर एकानं दुसऱ्याच्या संमतीशिवाय काही टाकू नये असा आदेश न्यायाधीश देऊ शकतात.

बाकी बऱ्याच कायद्यांत एक गमतीशीर पोकळी आहे. अमेरिकेचा १९९८ चा कायदा १३ वर्षांखालच्या मुलांची, भारताचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्यांची माहिती घेताना कंपन्यांनी पालकांची संमती घ्यावी म्हणतो. पालक हे राखणदार, असं गृहीत. जिथे माहिती पालकच वाटतायत तिथे राखण कुणी करायची?

शंकासुर

अवांतर, पण धाग्याच्या मूळ मुद्द्याला धरून. टोपणनाव घरच्यांपुढे टिकत नाही याचा सगळ्यात जबर दाखला थिओडोर काझिन्स्की. वर्षानुवर्षं टपालानं बॉम्ब पाठवणारा माणूस, अमेरिकेच्या तपासयंत्रणेला सापडत नव्हता. १९९५ मध्ये त्याचा निनावी प्रबंध वृत्तपत्रात छापला गेला. भावाच्या बायकोला आधी शंका आली, मग भावानं त्याचे ठरावीक शब्दप्रयोग ओळखले. १९९६ मध्ये अटक.

तात्पर्य, वहिनी वाचत असतात.

उंबरठा

शंकासुर, हा प्रतिसाद मी जावेला दाखवणार नाही.

चष्मिष्ट

एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. बँका आणि ईमेलवाले पासवर्ड विसरल्यावर काय विचारायचे (काही ठिकाणी अजूनही विचारतात)? आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा, पाळलेल्या प्राण्याचं नाव, जोडीदार पहिल्यांदा कुठे भेटला. ही तर घरगुती लेखांची शीर्षकं आहेत!

२००८ मध्ये सारा पेलिन अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या असताना एका कॉलेजातल्या पोरानं त्यांचं ईमेल खातं असंच उघडलं. जन्मतारीख, टपाल क्रमांक आणि नवरा कुठे भेटला त्याचं उत्तर. तिन्ही गोष्टी जाहीर माहितीतून मिळालेल्या.

मी अशा प्रश्नांना खरी उत्तरं देतच नाही. आईचं माहेरचं आडनाव म्हणून काहीतरी अगम्य लिहायचं आणि ते पासवर्ड ठेवतो तिथेच ठेवायचं. तुमचं उत्तर तुमच्या भावाच्या लेखातूनही मिळू शकतं हे लक्षात घ्या. आईचं माहेर दोघांचं एकच.

जुनेजाणते

मध्यरेषाताईंनी शेवटी विचारलेला प्रश्न माझा आहे. ज्यांना विचारता येत नाही.

माझ्या पत्नीला स्मृतिभ्रंश आहे. तिची देखभाल मी करतो आणि अधूनमधून त्याविषयी लिहितो. लिहिलं नाही तर मी कोसळेन, आणि मला स्वतःला अशाच कुणाच्या तरी लेखांनी हात दिला आहे, त्यामुळे "लिहूच नका" हे मला पटत नाही. संमतीचं म्हणाल तर ती आज हो म्हणेल आणि थोड्या वेळानं मी कोण असंही विचारेल. त्या होकाराला अर्थ नाही.

म्हणून आजची ती काय म्हणाली असती हा विचार मी सोडून दिला. पूर्वीची ती, नीटनेटकी, पाहुणे येणार म्हटलं की आधी आरसा गाठणारी, तिनं काय चालवून घेतलं असतं ते मला पुरेपूर ठाऊक आहे. तिनं न्हाणीघरातलं काही चालवून घेतलं नसतं. ती रडल्याचं चालवून घेतलं नसतं. मी चिडलो, मी थकलो, मला तिचा राग आला, हे लिहायला तिनं हरकत घेतली नसती, उलट म्हणाली असती, "मग? सगळं चांगलंच लिहिणार होतात की काय?"

औषधांच्या वेळा, रात्रीचं उठणं, घरातल्या कड्या कशा बदलल्या, मदतीला माणूस ठेवताना काय विचारावं, या गोष्टी मी खुल्या लिहितो, कारण त्या दुसऱ्याच्या कामी येतात. मुलांना एकदा वाचून दाखवतो. मुलगी जास्त कडक आहे.

रेघोट्या

काका, तुमचा प्रतिसाद आईला पाठवते आहे.

मध्यरेषा

काका, "पूर्वीची ती" हे फार उपयोगी आहे. लहान मुलांना हे लागू होत नाही, कारण तिथे पूर्वीचं माणूस नसतं, पुढचं असतं, आणि ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून मुलांच्या बाबतीत मी जास्त कंजूस आहे.

बिनधास्त_बंड्या

अति होतंय मंडळी. आपलं वाचतं कोण? वीस-पंचवीस तीच ती डोकी, त्यातली निम्मी शुद्धलेखन काढायला आलेली. फेबुवर लोक जेवणाच्या ताटापासून एक्स-रेपर्यंत सगळं टाकतात, आणि इथे टकलावर परिसंवाद.

खटपट्या

बंड्या, आज वीस वाचतात हे खरं. पण लेख तिथेच राहतो आणि शोधयंत्र दर्जा बघून दाखवत नाही. दहा वर्षांनी तुझ्या मुलाला नोकरी देणारा एकटाच वाचणार आहे, आणि तो एकटाच पुरेसा आहे.

चष्मिष्ट

आणि घरी कामाला येणाऱ्या ताईंचं काय? त्यांच्यावर तर लेखच्या लेख असतात. नवरा कसा पितो, मुलगी कशी पळून गेली, उचल किती घेतली. त्यांना मसुदा कुणी दाखवलाय? त्या वाचणार नाहीत या भरवशावरच लिहिलं जातं. त्यांची मुलं वाचतात हो. फोन सगळ्यांकडे आहे.

उंबरठा

यावर मात्र माझ्याकडे काडी नाही. चष्मिष्टला +१.

वाचनमात्र_तरी

आधी लिहून झालेलं काढायचं असेल तर? एका मैत्रिणीसाठी विचारते. (खरंच मैत्रिणीसाठी.)

खटपट्या

क्रम महत्त्वाचा. आधी मूळ ठिकाणचं काढायचं. स्वतःचा ब्लॉग असेल तर सोपं. इतर ठिकाणी लेखकाला पुसता येत नसेल तर संपादकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायचा, त्यात लेखाचा दुवा द्यायचाच, आणि ज्या प्रतिसादांत वाक्यं उद्धृत आहेत त्यांचेही दुवे द्यायचे. रेघोट्याच्या आईचं जे राहिलं ते इथे राहिलं.

मूळ पान गेल्यावर शोधयंत्राला जुना निकाल काढायला सांगायचा, त्यासाठी त्यांचा अर्ज असतो. आधी तो अर्ज भरून उपयोग नाही, पान जिवंत असेल तर असा अर्ज सहसा फेटाळला जातो. १८ वर्षांखालच्या मुलांचे फोटो असतील तर गुगलनं २०२१ पासून वेगळी सोय केली आहे, मूल स्वतः किंवा पालक विनंती करू शकतात. पण त्यानं फोटो फक्त शोधातून जातो, मूळ साइटवरून नाही. मग इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये प्रत आहे का ते बघून त्यांना ईमेल. इतकं करूनही कुणी स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल तर त्याला उपाय नाही.

आणि मैत्रिणीला सांगा, "मी माझे लेख का काढले" असा नवा धागा काढू नका. लोक नेमकं तेच शोधायला जातात.

वाचनमात्र_तरी

धन्यवाद, कळवते. शेवटची शंका. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले तर चालतं का? मुलाची मुलगी करायची, आत्याची मावशी. की ते खोटं लिहिणं झालं?

मध्यरेषा

खोटंपणाची मला तितकी चिंता नाही, सुरुवातीला "तपशील बदलले आहेत" असं एक वाक्य टाकलं की वाचकाशी व्यवहार चोख. अडचण अशी की घरच्यांना आत्याची मावशी केल्यानं काही फरक पडत नाही, ते लगेच ओळखतात. उलट खऱ्या मावशीला वाटतं आपल्यावरच लिहिलंय, आणि दोन घरं नाराज होतात. बदलण्यापेक्षा गाळावं. तो तपशील नसल्यानं लेख मोडतो का बघायचं. बहुतेकदा मोडत नाही. मोडत असेल तर तो लेख त्या माणसाच्या गोष्टीवरच उभा होता, मग त्याला विचारायलाच लागेल.

वेळही बदलता येते. घडलं त्याच आठवड्यात लिहिलं तर सगळ्यांना संदर्भ लागतो. बऱ्याच काळानं, कधीचं ते न सांगता लिहिलं, तर निम्मी ओळख आपोआप पुसते. तोवर आपलाही राग उतरलेला असतो, म्हणजे लेख थोडा बेचव होतो, तो भाग वेगळा.

वाचनमात्र_तरी

धीर करून पहिला लेख लिहिला आणि नवऱ्याला वाचायला दिला. त्यानं शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, स्वतःबद्दलचा एक परिच्छेद खोडला आणि त्याच्या आईबद्दलचा तसाच ठेवला. आता तो परिच्छेद साबांना वाचून कुणी दाखवायचा यावर घरात चर्चा चालू आहे.